नर्सबाईंची खोली

ठाण्याच्या ऑफिसचं पत्र आलं तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत पेढे वाटले गेले. गावाला नर्सबाई मिळणार होत्या. त्यांनी कुठं बसायचं, किती वाजता बसायचं आणि देखरेख कुणी करायची, हे यापुढे पंचायतीनेच ठरवायचं होतं. खोली महिन्याच्या आत दाखवली नाही, तर नर्सबाई तालुक्यातल्या दुसऱ्या गावाला जाणार होत्या. पेढे पहिल्या ओळीसाठी होते. पुढच्या ओळी कुणी नीट वाचल्या नव्हत्या.

आमचं गाव डोंबिवली स्टेशनपासून कोपरच्या अंगाला. गावठाणात शेती आणि मिठागरांवर वाढलेली जुनी घरं, रुळांच्या बाजूला नव्या चाळी. चाळींत आमच्यासारखे कोकणातून आणि देशावरून आलेले नोकरदार. मी तेव्हा पंचविशीत होते आणि पंचायतीत बायकांच्या जागेवर बसत होते. निवड अवघड गेली नव्हती. चौथीच्या वर शिकलेल्या बायका गावात दोनच, आणि दुसरी बाळंतपणाला माहेरी गेली होती.

जिला माहेर जवळ नाही तिच्यासाठी गावात एक म्हातारी सुईण होती. हात चांगला, पण दिसायचं कमी. बाई अडली की बैलगाडी जुंपून कल्याण गाठायचं. आदल्या वर्षी सरपंचांच्या सुनेला असंच नेलं होतं. ती परत आली, मूल हाती लागलं नाही. म्हणून मला त्या पत्राची घाई होती.

घाई मला एकटीलाच होती. आजवर प्रत्येक सभेत एकच गाऱ्हाणं असे, "सगळं ठाण्यात ठरतं, आपल्या हातात काय आहे?" आता हातात आलं, तर सगळ्यांनी हात मागे घेतले. ठाण्याच्या साहेबावर लांबून रागावता येतं. शेजारी रागावला तर तो रोज विहिरीवर भेटतो.

पहिली सभा चाळींचे प्रतिनिधी असलेल्या निवृत्त मास्तरांनी आणि सरपंचांनी मिळून संपवली.

"बाळंतपणं चाळींत जास्त. खोली चाळीत हवी," मास्तर म्हणाले.

"मास्तर, गाव पयला का चाळ पयली?"

"सरपंच, बाळ काही सातबारा बघून येत नाही."

दुसऱ्या सभेत एकमत झालं. ठराव असा, की खोली कुठं असावी हे कृपा करून ठाण्याच्या साहेबांनीच ठरवावं. मी विरोध केला का? नाही. मसुदा मला लिहायला सांगितला होता, आणि तो छान उतरला म्हणून मी खुशीत होते. उत्तर दोन ओळींचं आलं. हा अधिकार आता आपल्याकडे आहे, आणि मुदतीचे आठ दिवस उरले आहेत.

त्याच सुमारास सरपंचांची सून माझ्या मागच्या दाराशी आली. गरोदर बायकांना वाटायची सरकारी दुधाची भुकटी माझ्या घरून दिली जायची. कोण, कुठल्या आळीतली, कितवा महिना, हे मी वहीत लिहून ठेवत असे.

"ताई, कुनाला सांगू नका. तिसराच हाय. घरात पन सांगला नाय."

"घरात का नाही?"

"मागल्या खेपंला समद्या गावाला ठावं होता. अवंदा नको." मग डबा पदराखाली घेऊन ती हळूच म्हणाली, "ती नर्स येल ना नक्की?"

"येईल," मी म्हणाले. कशाच्या जोरावर, ते मलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या सभेला मी तयारीनिशी गेले. वाद नको, आकडे बोलू देत, असा विचार. भुकटीच्या वहीवरून एक कागद तयार केला. नाव एकाही बाईचं नाही, फक्त आळी आणि संख्या. उभी राहून मी ठणठणीत आवाजात वाचलं, "चाळी, नऊ. मधली आळी, चार. खालची आळी, दोन. तळ्याची आळी, एक."

सगळ्या माना एकदम सरपंचांकडे वळल्या. का, ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. तळ्याच्या आळीत घरं दोनच. एक सरपंचांचं. दुसऱ्यात दोघे भाऊ राहत, दोघेही बिनलग्नाचे आणि पन्नाशी उलटलेले.

मागून कुणीतरी विचारलं, "आरं, दोगां भावांतला कंचा रं?"

हसून हसून लोकांनी भिंती धरल्या. सरपंच हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"बाय, परत वाचा."

माझा कागद कधी चुकत नाही याचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी तो चुकलेला असावा असं मनापासून वाटलं. मी कागदाची घडी घालू लागले.

"राहू द्या," ते म्हणाले. मग खाकरले. "वेशीवर माजी मिठाची कोठी हाय. उद्या रिकामी करतों. गावाला बी सारकी, चाळींना बी सारकी."

"सारखी कशी?" मास्तर उठले. "मी पावलं मोजली आहेत. आम्हाला तीस पावलं जास्त पडतात."

"तुमी जरा लांब टाका, मास्तर."

मास्तरांना हसू आवरेना. सांगितलेला चहा येण्याच्या आत ठराव पास झाला.

सभा संपल्यावर मी तशीच सुनेची माफी मागायला गेले. ती अंगणात उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"मामंजी आले, कायपन इचारला नाय," ती म्हणाली. "फावडा घेतला नि कोठीकडं गेले."

नर्सबाई मुदतीत आल्या. उंच, करड्या, बोलायला सडेतोड. मिठानं भिंती ओलसर राहतात, फडकी वाळत नाहीत, दाराला आतून कडी नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांनी अर्ज वगैरे केला नाही. सकाळच्या चहाला त्या सरपंचांच्या ओटीवर जाऊन बसत आणि कडी लागेपर्यंत उठत नसत. जवळच्या माणसाकडे कारभार आला की काय होतं, हे सरपंचांना आठवड्यात समजलं.

दिवस भरले. एके दिवशी सकाळी सुनेला कोठीत नेलं. ती चालत गेली. दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप.

सरपंच आत शिरायला लागले तेव्हा नर्सबाईंनी उंबऱ्यावरच अडवलं आणि साबणाची वडी पुढं केली. गावात कुणाचं न ऐकणारा तो माणूस घंगाळाशी वाकला आणि कोपरापर्यंत हात धुतले. नर्सबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "पुन्हा धुवा." त्यांनी पुन्हा धुतले. मग ते हात ओंजळीसारखे पुढं धरून, थेंब गळत, नातीची वाट बघत उभे राहिले.