दुपारी दौत झाकणारे चाचा

अमरावतीच्या कापूसबाजारात कडुनिंबाखाली एक म्हातारे चाचा लोकांची पत्रं लिहून देत. कापसाला सोन्याचा भाव आलेला, पत्रांसाठी रांग लागायची. तरी दुपार झाली की ते दौत झाकत आणि किश्शांचं पुस्तक मांडीवर उघडून एकटेच खुदुखुदु हसत. दलाल चरफडत उभे राहत.

मी तेव्हा ग्रंथ लिहीत होतो. "दोन वर्षांत दुसऱ्याच्या पुस्तकाचं पान उघडलं नाही," एका दुपारी मी त्यांना अभिमानानं सांगितलं.

चाचांनी वर पाहिलं. "लोकायनं समद्या वावरात कापूस पेरला, आन् आता ज्वारीसाठी वणवण करून राह्यले. तुमीबी समदं वावर लिहासाठी देल्लं. मंग खासान काय?"

मग त्यांनी सरकून मला बसायला जागा दिली. किस्सा अर्ध्यावर आला होता.

मी म्हणालो, "पहिल्यापासून वाचा, चाचा."