अर्बाबचं यंत्र

यूनुस सोलकर रत्नागिरीचा सुतार. ओमानमधल्या सीबला आम्ही नऊ वर्षं एका खोलीत काढली. हातातलं काम तो कधी अर्धवट सोडायचा नाही, दुसऱ्यालाही सोडू द्यायचा नाही.

२०१४ साली आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, नवा नाद लागला. नेमबाजीचा परवाना त्याच्याकडे होताच. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला त्याला घरी स्वतः भरलेली वीस काडतुसं न्यायची होती. त्यासाठी त्याने काडतुसं भरायचं, आपोआप चालणारं सर्वांत मोठं यंत्र पसंत केलं आणि यूनुसला टेबल करायला बोलावलं.

"आजवर किती भरलीत, अर्बाब?"

"एकही नाही."

"मग साधं घ्या. दांडा एकदा ओढला की एकच काम करणारं. चूक लगेच कळते."

"मोठ्यात कळत नाही?"

"कळते की. तोवर शंभर तयार असतात!"

अर्बाब रुसला, पण घेतलं साधंच. यूनुसने जाड फळीचं टेबल केलं. पहिल्या दिवशी बारा काडतुसं भरून अर्बाबने घाम पुसला. "खलास!"

यूनुस शेजारीच उभा होता. "आठ राहिली. यल्ला, चला, अर्बाब."

अर्बाबने पुन्हा दांडा धरला.