जनका कासारीण आणि जपानी बांगड्या

आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजतंय हे चुलीआधी जनका कासारणीला कळायचं. संग्रामपूरपासून कोसभरावरचं आमचं गाव. पेपर यायचा तो दुसऱ्या दिवशी, तोही मास्तरांकडे. किसनराव पाटलांचा रेडिओ बोलायचा, पण तो दिल्लीचं बोलायचा. दिल्लीत कोणाचं कोणाशी बिनसलं याच्याशी बायकांना काय करायचं? त्यांना हवी असायची टुनकीची खबर, सोनाळ्याची खबर. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाला दिवस गेले, कोणाच्या पोराचं नाक पाहून पोरीवाले परत गेले. हे सगळं जनकाबाई डोक्यावरच्या टोपलीतून आणायची. बांगड्या फक्त वर पसरलेल्या असायच्या.

मी हे थट्टेने लिहितो, पण तिची कला मोठी होती. हात हातात घेतला की ती आधी पंजा दाबायची, अंगठ्याखालचं हाड बोटांनी मऊ करायची, आणि त्याच वेळी अशी काही बातमी सोडायची की बाई 'अव्वो माय!' म्हणून तोंडाचा आ करायची. तेवढ्यात बांगडी मनगटात. दुखलं कधी, हे बाईला कळायचंच नाही. आमच्या झुंबरबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, मी एकदा विचारलं, "तुह्या बांगड्या इतक्या लवकर कशा वाढतात वं? पंधरा दिवस झाले नाहीत का लगेच जनका दारात!" तर म्हणते, "तुमाले बांगड्या दिसतात. मले खबर पायजेन असते."

महाराष्ट्र होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. किसनरावांचा थोरला अर्जुनराव, त्याची बायको कोकिळा. तिचा भाऊ मुंबईला गोदीत कारकून. दिवाळीला त्याने बहिणीसाठी बांगड्या आणल्या. हिरव्याच, काचेसारख्या चकचकीत, पण हातात घेतल्या तर कापसासारख्या हलक्या. कोकिळेने ओट्यावर बायकांसमोर एक बांगडी दगडावर आपटली. बांगडी उडी मारून वच्छलाबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, मांडीवर जाऊन बसली. साबूत!

"जपानी हाये," कोकिळा म्हणाली. भाऊ सांगत होता म्हणे, जपानहून बोटीने प्लॅस्टिकचे दाणे येतात, मुंबईत ते वितळवून बांगड्या ओततात. कुठला जपान नि कुठलं आमचं गाव! त्या समुद्राच्या पलीकडे कोणी यंत्राची कळ फिरवली आणि आमच्या ओट्यावर जनकाबाईची टोपली हलली. तिला मात्र त्या दिवशी हे कळलं नाही. तीही बाकीच्यांबरोबर हसली.

बायकांना त्या बांगड्या आवडल्या यात बायकांचं काय चुकलं? कापूस वेचताना, ज्वारीची सोंगणी करताना काच वाढते, मनगटात घुसते, भाकरीच्या पिठात तुकडा सापडतो. ही बांगडी नांगराखाली आली तरी तशीच. वर्षभरात संग्रामपूरच्या बाजारात पोत्यापोत्यांनी माल आला. विकणारा कासार नव्हता, कोणीही होता. आरसे, कंगवे, पिना आणि त्यातच बांगड्या. हात धरून भरायची गरज नाही. मोठं माप घ्या, स्वतः घाला, चालायला लागा.

जनकाबाईची टोपली भरलेली जायची, भरलेली यायची. दारात उभी राहिली की बायका लांबूनच हात दाखवायच्या, "काकू, अजून हायेत वो!" बसायलाही म्हणेनाशा झाल्या, कारण बसली की काही घ्यावं लागतं. तिचा नवरा शालिग्राम दम्याने खाटेला लागलेला. तो म्हणायचा, "तूही ठेव ना तो माल. लोक घेऊन राह्यले तर आपण काऊन अडून राहाचं?"

"जे कधी वाढतच नाही ते बाईनं लेवावं कायले?" ती म्हणायची. "खुंटीले दोर बांधल्यासारखं."

माझा असा समज होता की ही हट्टाला पेटली आहे, आणि पारावर मी तिच्यावर दोन-चार कोट्याही केल्या. लोक हसले. आता त्यातली एकही लिहिण्यासारखी नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात अर्जुनराव गेला. पाटलांच्या विहिरीवर नवा विजेचा पंप बसला होता. ओल्या पायाने बटण दाबायला गेला आणि तिथेच पडला. तीस वर्षांचंही वय नव्हतं.

आम्ही माणसं अंगणात उभे होतो. तिरडी बांधून झाली होती. उचलायच्या आधी बायकोचं कुंकू पुसतात, बांगड्या वाढवतात. ते झाल्याशिवाय मढं हलत नाही. आत बायकांचा आक्रोश चालला होता. मग तो थांबला. अशा वेळी आक्रोश थांबला की माणूस घाबरतो.

आत काय चाललं होतं ते झुंबरबाईने मला नंतर सांगितलं. कोकिळेचा हात उंबऱ्यावर ठेवला होता आणि वरून बायका दगड मारत होत्या. बांगडी दबायची आणि पुन्हा गोल व्हायची. मारणाऱ्या बाईचा नेम चुकू लागला. चार घाव मनगटावरच बसले. काढायला गेल्या तर निघेनात. काचेच्या असत्या तर वर्षात चार वेळा बदलल्या असत्या, हाताप्रमाणे माप वाढत गेलं असतं. या बांगड्या त्या दिवाळीपासून तिथेच होत्या. हात जाड झाला, त्या अडकून राहिल्या, आणि आता घावांनी मनगट सुजलं होतं. कोणी म्हणालं विळा आणा. कोणी म्हणालं निखारा लावा, वितळतात. एका म्हातारीला या सगळ्याचं हसू फुटलं आणि तिने तोंडात पदर कोंबला. झुंबरबाई ते सांगताना रडली. म्हणाली, "कोकिळा ओरडतबी नव्हती हो. आपला हात दुसऱ्याचाच असल्यासारखी पाहून राह्यली होती."

शेवटी वच्छलाबाई म्हणाल्या, "जनकाले बोलवा."

बोलवायला मलाच धाडलं. जनकाबाई दारातच उभी होती. साऱ्या गावासारखं तिनेही ऐकलं होतं. मी सांगितलं. शालिग्राम खाटेवर उठून बसला.

"जाऊ नको," तो म्हणाला. "कासारणीचा हात भराले असते, रिकामा कराले नसते. एकदा हे केलं का मंग कोणती सवाशीण तुह्यापुढे हात करन? हायेत ते चार घरंबी जातीन."

खरंच होतं ते. तिला तिच्या सासूने हेच शिकवलं होतं. त्यांच्या जातीत हा नेम देवासारखा पाळतात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, दगड मारून राह्यल्या का अजून?"

मी म्हणालो, "हो."

तिने कोनाड्यातली तेलाची वाटी उचलली आणि माझ्या पुढे चालू लागली. पारावर जिच्यावर कोट्या केल्या, तिच्या मागून मी निघालो.

आत गेल्यावर तिने सगळ्यांना मागे सारलं आणि कोकिळेचा हात मांडीवर घेतला. तेल लावलं. "लेकी, अंग ढिलं सोड," म्हणाली. "पहिल्या संक्रांतीले भरल्या तवा तू अशीच आखडली होती. आठवते? मंग मी तुले सोनाळ्याच्या जावयाची गोष्ट सांगतली होती." अंगठ्याखालचं हाड तिने दाबलं, मऊ केलं, आणि एकेक बांगडी उतरवली. काचेची काढावी तशी, सावकाश. बातमी मात्र सांगितली नाही. शेवटची निघाली तेव्हा कोकिळेच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, आणि अंगणातल्या आम्हा सगळ्यांना कळलं की आता खांदा द्यायचा.

शालिग्राम बोलला तसंच झालं. कोणी तिला वाईट बोललं नाही. उलट गाव म्हणायचं, जनका होती म्हणून पोरीचा हात वाचला. आणि हे म्हणता म्हणता हात पदराखाली घ्यायचं. पोळा गेला, दसरा गेला, संक्रांतीला ती टोपली घेऊन निघाली आणि दुपारपर्यंत घरी आली. आमची झुंबरबाईसुद्धा त्या दिवशी मागच्या दाराने शेजारी गेली. मी तिला अडवलं नाही. नवरा मी, कुंकू माझ्या नावाचं. 'जनकाकडूनच भर' म्हणालो तर ते मरणच मागून घेतल्यासारखं!

मग जनकाबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायला लागली. बोटं बांगडीची, बोंडांना सरावली नाहीत. नखांच्या कडा फाटायच्या. खबर सांगणंही गेलं, कारण खबर दारोदार फिरणाऱ्याकडे येते, ओळीत वाकणाऱ्याकडे येत नाही. किसनरावांच्या घरचा रेडिओ आता ओट्यावर आला होता. बायका जमायच्या, गाणी ऐकायच्या आणि एकमेकींशी न बोलता घरी जायच्या.

दोन वर्षांनी पाटलांच्या धाकट्या मुलीचं, प्रेमलाचं लग्न निघालं. चुडा भरायला वच्छलाबाईंनी शेगावचा कासार बोलावला. ज्या बाईने त्यांच्या सुनेचं मनगट वाचवलं, तिला त्यांनी बोलावणं धाडलं ते पुऱ्या लाटायला. जनकाबाई आली. रागावून घरी बसली असती तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

शेगावच्या कासाराने दोन्ही माल मांडला होता, काचही आणि जपानीही. मांडवात सवाशिणींची रांग लागली. कोकिळेला तिथे यायला बंदी होती, आणि जनकाबाईला कोणी बंदी घातली नव्हती तरी ती गेली नाही. मागच्या सोप्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एक लाटत होती, एक तळत होती. मी पाणी प्यायला गेलो होतो. खरं सांगायचं तर कान लावायला गेलो होतो.

जनकाबाई म्हणत होती, "मंग तो सोनाळ्याचा घरजावई हाये ना, त्यानं यंदा काय केलं मालूम हाये तुले?"

"काय केलं वो काकू?"

"बायकोवर रुसून माहेरी गेला. बायको नाई, तो! आईपाशी बसला. सासरा आणाले गेला तर म्हणते, मले लुगडं घेतल्याबिगर मी येत नाई."

कोकिळा हसली. अर्जुनराव गेल्यापासून त्या घराने ऐकलेलं तिचं ते पहिलं हसू. मोठ्याने, पोट धरून, हातातला झारा तेलात सोडून देऊन हसली. मांडवात आवाज गेला. कासाराने धरलेला प्रेमलाचा हात बांगडीत अर्ध्यावर थांबला. वच्छलाबाईंनी मान वळवून सोप्याकडे पाहिलं, आणि कासाराला पुढे भरायला सांगायचं सोडून त्या तशाच सुनेच्या हसण्याला कान लावून बसल्या.