खिल्लारे बाबूंचा पासवर्ड

खिल्लारे बाबू किल्ली कधी कोणाच्या हातात देत नसत. कपाटाची असो, प्रयोगशाळेची असो की शिक्षकांच्या संडासाची असो, खिळ्यावरून काढायची, टेबलावर ठेवायची, शेजारी रजिस्टर उघडायचे आणि म्हणायचे, "उचला." पहिल्या दिवशी मी हात पुढे करून उभा राहिलो. त्यांनी किल्ली माझ्या हाताला वळसा घालून टेबलावर ठेवली. मी हात तसाच धरून, जसा काही पाऊस आला का बघतोय. "देल्ली अन् घेतली, यात भांडन असते साहेब," ते म्हणाले. "उचलली, यात नसते. उचला, सही करा."

मंगरूळपीरच्या त्या शिक्षणसंस्थेत मी संगणकाचा माणूस म्हणून लागलो होतो. पुण्यातला सहा महिन्यांचा कोर्स मी चार महिने केला होता. उरलेले दोन महिने काय शिकवले असते हे पुढे मला फार महागात पडून कळले. बाबू तिथले मुख्य लिपिक. शेलूबाजारला घर, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. सकाळच्या जीपने येत, संध्याकाळच्या एसटीने जात. मधल्या वेळात संस्थेची एकोणतीस कुलपे त्यांच्या नजरेखाली असत.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या मनात आले की संस्थेच्या स्वतःच्या नावाचा ईमेल पाहिजे. "दुसऱ्याच्या डब्यात आपलं पत्र कायले टाकायचं? आपला डबा बसवा." मी जिन्याखालच्या खोलीत, जिथे आधी लेझीम आणि फुटलेले फुटबॉल ठेवत, तिथे एका जुन्या संगणकावर फुकट मिळणारा मेल सर्व्हर बसवला. तीन दिवस तो काही केल्या चालेना. संगणकावर प्रत्येक फाईलला परवानग्या असतात: कोणी वाचावी, कोणी बदलावी, कोणी हातही लावू नये. माझे घोडे तिथेच कुठेतरी अडले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून आमच्या धंद्यातला आळशी माणसाचा मंत्र मारला: सात, सात, सात. म्हणजे सगळ्या फाईली सगळ्यांना मोकळ्या. दार उघडत नाही म्हणून भिंतच पाडायची, असला प्रकार. मेल धो धो चालू झाला. भाऊसाहेबांनी पेढे वाटले. भिंत परत बांधायची मी विसरलो.

दुसरी गोष्ट पासवर्डची. शहाणा सर्व्हर पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही; त्याचा ठेचा करून ठेवतो. वाटलेल्या ठेच्यातून पुन्हा मिरची निराळी आणि लसूण निराळा काढता येत नाही, तसे. माझ्या सर्व्हरमध्येही ही सोय होती, फक्त ती चालू करावी लागत होती. ते बहुधा पाचव्या महिन्यात शिकवत असावेत. माझ्याकडे सगळ्यांचे पासवर्ड एका साध्या फाईलमध्ये, नाव आणि पुढे पासवर्ड, हजेरीपटासारखे ओळीने मांडलेले होते.

हे विचारणारा अख्ख्या संस्थेत एकच माणूस निघाला. पासवर्ड ठरवायला बाबूंनी चार दिवसांची मुदत मागितली. चौथ्या दिवशी ते जिन्याखाली वाकून आत आले.

"हा शब्द तुमी ठेवता कुठं?"

"सर्व्हरमध्ये."

"सर्व्हरमंदी कशात?"

"फाईलमध्ये, बाबू."

"मंग त्या फाईलले कुलूप हाये काय?"

मी हसलो. "बाबू, हा संगणक आहे. तुमचं लोखंडी कपाट नाही."

"नाई, मी इचारलं," ते म्हणाले. "कपाट असतं तं नसतं इचारलं. दिसलं असतं."

त्यांचा पासवर्ड होता वांगी-मेथी-सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. शेलूबाजारच्या घरामागे त्यांचे तीन वाफे होते आणि वाफ्यांत त्या वेळी जे असेल, तो पासवर्ड. मेथी निघून पालक लागला की बाबू खोलीत हजर: "पालक आला. बदला." एवढ्या इमानाने पासवर्ड बदलणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. भाजी एकट्याला संपायची नाही, म्हणून जुडी बांधून माझ्या टेबलावर ठेवत. हातात नाही, टेबलावर.

आता माझा एक नीच गुण सांगतो. मी लोकांचे मेल बघत असे. काम चालते का ते तपासायला म्हणून सुरुवात केली, मग करमणूक म्हणून. बाबूंच्या डब्यात फार काही नसे. रोज सकाळी एक मेल असे, त्यांनीच स्वतःला पाठवलेला. त्यात एक शब्द: 'आलो.' संध्याकाळी दुसरा: 'निघतो.' बस्स. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. बराच वेळ हसलो आणि मग जरा थांबलो, कारण माझ्या डब्यात तेवढेही नव्हते.

पण थांबून शहाणा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. एका दुपारी टपरीवर आम्ही सहा जण चहा पीत होतो. पाच शिक्षक आणि मी. मला गाजवायची हुक्की आली. म्हटले, "तुम्हा सगळ्यांचे पासवर्ड मला पाठ आहेत." कोणी विश्वास ठेवेना. मग मी मैफलच लावली. प्राचार्यांचा एक ते आठ आकडे. भाऊसाहेबांचा भाऊसाहेब. खेळाच्या सरांचा त्यांच्या मोटारसायकलचा नंबर. "आणि खिल्लारे बाबूंच्या परसात सध्या काय लागलंय सांगू?" सगळे पोट धरून हसले. एकाने विचारले, हे तुला दिसते तरी कुठे? आणि मी, सर्कशीतला अस्वलवाला जसा टाळ्यांनी चढतो तसा चढून, फाईल कुठे आहे तेही सांगितले. "स्टाफरूमच्या कम्प्युटरवरूनसुद्धा उघडते. करा मजा."

पंधरा दिवसांनी वाशीमच्या वरिष्ठ कार्यालयात एक तक्रार पोचली. भाऊसाहेबांच्या भाच्याला खोट्या अनुभवपत्रावर शिक्षक म्हणून घेतले आहे, अशी. तक्रार बाबूंच्या मेलवरून गेली होती. खाली त्यांचे नाव.

भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "खिल्लारे, हे तुमीच केलं?"

"नाई," बाबू म्हणाले. "मी केलं असतं तं कागदावर केलं असतं, सही करून. अन् पयले तुमाले दाखवलं असतं."

"तुमच्या मेलवरून गेलं ना? तुमचा पासवर्ड कोनाले माहीत?"

"कोनालेच नाई. मी कोनालेच सांगतला नाई."

मी तिथेच, दाराशी उभा होतो. टपरीवरचे पाचही जण तिथे होते. कोणीही कोणाकडे बघत नव्हते. 

त्या संध्याकाळी मी जिन्याखाली गेलो, कडी लावली आणि दोन तासांत सगळे दुरुस्त केले. परवानग्या बंद केल्या. पासवर्डांचा ठेचा केला. मेल कोणत्या संगणकावरून गेला याची नोंद ठेवायची सोय होती, पण डिस्क भरते म्हणून ती मीच पूर्वी बंद केली होती. तीही चालू केली. इतके चांगले काम मी आयुष्यात केले नव्हते. घरी जाताना मला हलके वाटले, हे लिहायला लाज वाटते, पण वाटले.

बाबूंच्या किल्ल्या काढून घेतल्या. निवृत्तीला सात महिने होते. त्यांना ग्रंथालयामागच्या खोलीत एक टेबल आणि खुर्ची दिली, काम काही नाही. वरून आदेश आला म्हणून त्यांचे ईमेल खाते मीच बंद केले, माझ्याच हाताने. त्यानंतर 'आलो' हे सांगायलाही त्यांना कोणी उरले नाही. ते तरीही वेळेवर येत. डबा त्या खोलीतच खात. पूर्वी त्यांच्या टेबलाभोवती दिवसभर माणसे असत, सही करा, किल्ली द्या, रजा मांडा. आता माणसे ग्रंथालयाचा जिना सोडून पलीकडच्या जिन्याने जात. मीही पलीकडच्याच जिन्याने जात असे. तो लांब पडतो.

पाच महिन्यांनी, माझ्या टेबलावर भाजीची जुडी न येऊन पाच महिने झाल्यावर, मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. टपरी, फाईल, सात-सात-सात.

"दाखवा," भाऊसाहेब म्हणाले.

मी फाईल उघडली. पडद्यावर ठेचा. एकही अक्षर अर्थाचे नाही.

"हे तं कोनालेच वाचता येत नाई."

"आता नाही येत. तेव्हा येत होतं."

"अन् स्टाफरूममंदून उघडते म्हनता?"

"आता नाही उघडत."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे प्रेमानेच पाहिले. "इंजिनेर, म्हाताऱ्याची कीव आली तुमाले. चांगलं हाये. पन खोटं बोलायचं तं जमवून बोला ना बा."

आयुष्यात एकदा खरे बोललो, आणि पुरावा मीच, दोन तास खपून, नीटनेटका पुसून टाकला होता.

रविवारी जीपने शेलूबाजारला गेलो. बाबू वाफ्याला पाणी देत होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. त्यांनी वाफा पुरा भिजवला, पाणी दुसऱ्या सरीत वळवले, मग विचारले, "बंद कवा केलं मंग?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हंजे तुमी पयले फाईल वाचवली."



"टपरीवर कोण कोण होते, सांगतो बाबू," मी म्हटले. "पाचच जण होते."

"नोका सांगू. एकानं केलं असन. बाकी चौघाकडे मंग मले चांगल्या नजरेनं पाहता नाई येनार. दोनच महिने राह्यले, कायले?" त्यांनी हात धुतले. "लिहून द्या तुमी. कागदावर."

आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली छोटे टेबल होते, तिथे बसून मी लिहिले. बाबूंनी चष्मा लावून वाचले, जसे ते शिपायाचा रजेचा अर्ज वाचत तसेच. 'महोदय' नंतर स्वल्पविराम घातला. विषय निराळ्या ओळीत घ्यायला लावला. मग त्यांचे बोट एका शब्दावर थांबले. मी लिहिले होते: कर्मचाऱ्यांचे पासवर्ड माझ्याकडून अनवधानाने उघड झाले.

"हे खोडा. अनवधान म्हंजे लक्ष नव्हतं. तुमचं तं लक्ष होतं."

"मग काय लिहू?"

"काय करत होते तुमी तवा?"

"हसत होतो."

"मंग तसं लिहा. खरं तेवढंच लिहायचं, जास्त नाई अन् कमी नाई."

मी सगळा कागद नव्याने उतरवला: कर्मचाऱ्यांचे पासवर्ड मी चहाच्या टपरीवर हसत हसत सांगितले. सही केली. त्यांनी चहा विचारला नाही; मीही थांबलो नाही.

सोमवारी ते स्वतः कार्यालयात अर्ज घेऊन गेले. त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या लिपिकाला आवक-जावक त्यांनीच शिकवली होती. तो शिक्का मारायला कचरत होता. बाबू नुसते टेबलासमोर उभे राहिले. वीस मिनिटांनी शिक्का पडला. एक प्रत संस्थेला, एक शिक्क्याची प्रत बाबूंना. संस्थेने त्या कागदाचे काही केले नाही.

निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी मी एक शाल घेऊन फाटकाशी उभा राहिलो. त्यांनी शालीकडे पाहिले. "शाल एकट्यानं देता येत नसते, साहेब. चार लोक लागते त्याले." आणि एसटी गाठायला निघाले. नेहमीच्याच वेळेला, नेहमीच्याच चालीने. मी ती शाल अजून वापरलेली नाही.

शेलूबाजारला परत कधी गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत दोन हिवाळे गेले, आणि गेल्या माघात तिथल्या एका ओळखीच्याचा फोन आला, बाबू गेले म्हणून. मी पोचलो तेव्हा सगळे आटोपून पाहुणे बसले होते. सुरतेहून आलेली मुलगी आत होती. मी दाराशी चपला काढल्या, वर पाहिले आणि तिथेच थबकलो. लोक जिथे सन्मानपत्र लावतात त्या जागी, काचेच्या चौकटीत, माझा अर्ज होता. आवकचा जांभळा शिक्का, खाली माझी सही.

शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई मला निरखत होत्या. "कोन तुमी?"

मी नाव सांगितले. त्यांनी चौकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हसत हसतवाले तुमीच काय?"

"हो."

"आमाले पाठ हाये ते. घरी कोनी नवीन आलं का बाबू पयले हे वाचाले लावत, मंग चहा मांडत." त्यांनी खोलीत बसलेल्या सुरतेच्या पाहुण्यांकडे हात केला. "याहीनं नाई ऐकलं अजून. आज वाचाले लावाले बाबू नाई. तुमीच वाचा आता."

 मुलगी आतून दाराशी येऊन उभी राहिली. मी चष्मा पुसला आणि आवक क्रमांकापासून वाचायला सुरुवात केली.