अंगाचा रंग

चिंचवडचा ज्योतीराम पाट्या रंगवायचा. जत्रेचे पडदे असोत की देवळाच्या भिंती, माणसं काढायला त्याच्याकडे एकच डबा होता. पांढऱ्यात थोडा लाल, थोडा पिवळा. त्याला तो 'अंगाचा रंग' म्हणायचा. राम त्या डब्यातला, सीता त्या डब्यातली आणि रावणही त्यातलाच. कुणाची तक्रार नव्हती.

१९५३ साली त्याच्या डोक्यात खूळ शिरलं, बायकोचं हुबेहूब चित्र काढायचं. मी शेजारी, त्यामुळे मला सगळं बघावं लागलं. पुतळाबाई तेव्हा पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहायची. ती घरी आली रे आली की हा तिला ओट्यावर बसवायचा. डोंगराआड सूर्य जाईपर्यंत जेमतेम अर्धा तास ऊन मिळायचं. "हलू नको," म्हणायचा. तिची मान अवघडलेली, पोटात कावळे ओरडतायत, आणि याचं आपलं "हलू नको." मला भयंकर राग यायचा.

पहिलं चित्र बघून ती म्हणाली, "ही कोन गोरी बाई? मी न्हाई ही." दुसऱ्या वेळी त्यानं त्याच रंगात काळा कालवला. "ही तर आजारी दिसतीया," ती म्हणाली. ज्योतीरामचं अन्नावरचं मन उडालं. तिनं एकदा "ही मीच" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग त्यानं डबा बाजूला सारला आणि आठवडाभर नुसता बघत बसला. उन्हाकडचा गाल विटेसारखा तांबूस होता, सावलीतला जांभळट. हिरवं लुगडं खांद्यावर पिवळं दिसत होतं आणि चुण्यांमध्ये काळपट. डोळ्यांखालची जागा मात्र कसल्याही उन्हात उजळत नव्हती. केसांत सिमेंट होतं. जे दिसलं ते त्यानं लावलं. पुतळाबाई बसल्या बसल्या पेंगायची, त्यानं ती पेंगसुद्धा काढली.

चित्र पुरं झालं. खोटं कशाला बोलू, ते बघून माझा राग पळाला.

पुतळाबाईनं ओले हात पदराला पुसले आणि बराच वेळ चित्र पाहिलं.

"व्हय, ही मीच हाय."

ज्योतीरामचा चेहरा खुलला.

"म्हंजी मी किती दमते, ते तुमाला समदं दिसत हुतं तर," ती म्हणाली आणि आत गेली.