तेल प्यायलेला दगड

साबणाच्या पांढऱ्या फेसावर एक लाल रेघ उमटली, क्षणभर थबकली आणि गळ्याकडे ओघळू लागली. आरशासमोर बसलेल्या माझ्या वडिलांचे, आबांचे, रक्त मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते! हातातली कपबशी कधी सुटली, कळलेच नाही.

चूक माझी. आदल्या दिवशी मी सावंतवाडीहून कट्टा या गावी माहेरी आले आणि लगेच घर आवरायला घेतले. वस्तऱ्याला धार लावायचा आबांचा दगड कोनाड्यात दिसला, वाळून पांढराफटक. आमच्याकडे कोरडे दिसेल त्याला खोबरेल लागते; केसांना, टाचांना, कुरकुरणाऱ्या बिजागरीला. दगडालाही मी दोनदा चोपडले. सकाळी वस्तरा त्यावरून नुसता घसरला, धार लागली नाही. बोथट पाते गालावर अडखळले, म्हणून आबांनी जोर दिला.

"दगडाक त्याल कोणी लावल्यान?"

"मी. सुको दिसलो म्हणान."

"गो, पाण्याचो दगड तो! उद्या विहिरीत पण खोबरेल ओत."

लहानपणापासून त्यांना दगडावर पाणी शिंपडताना पाहिले. पाणीच का, हे कधी विचारले? पाणी झिजलेले लोखंड सोबत घेऊन वाहून जाते. तेल मात्र दगडाच्या बारीक छिद्रांत ठाण मांडते आणि दगडाला त्याचे काम करू देत नाही. मदतीला आलेली माणसेही कधी कधी असेच करतात, आणि त्यांत मी आहे, हे कळून मी हादरले.

चार दिवसांवर देवळातला सप्ताह होता. दाढी वाढवून आबा पायरी चढत नाहीत आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याखालीही मान देत नाहीत. म्हणजे या वर्षी ते घरीच बसणार, माझ्यामुळे!

कढत पाणी, भांड्यांचा साबण, मग अंगणातल्या खळ्यात तापलेल्या जांभ्या दगडावर ऊन. तेल पाझरून वर येई. पुसायचे, पुन्हा धुवायचे. तीन दिवस पाण्याचा थेंब दगडावर मण्यासारखा उभाच. सप्ताहाच्या सकाळी तो पसरला आणि जिरला. धार मीच लावली.

"दाबू नको गो, हळू," आबा शेजारून सांगत होते.

वस्तरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. गालाला फेस फासला, डोळे मिटले आणि मान वर केली.

"कर, बाय. देवळात उशीर जाता."

तो उघडा गळा माझ्यासमोर होता. मग डावा हात त्यांच्या कपाळावर टेकवला, आणि पाते उचलले.