कोठीत खाल्लेले घास

मार्गिलानच्या बाजारात, रेशमाच्या गल्लीत, रिसोलतला काही खाताना कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी बाकीच्या बायका कापडाच्या गठ्ठ्यांवर दस्तरखानाचं कापड अंथरून मांस भरलेले गरम सम्से फोडायच्या. शेजारच्या दुकानातली कुम्री तिला ओपा, म्हणजे ताई म्हणायची; ती हाक मारायची, "ओपा, ये की गं! दोन घास खा, मग बस तुझी रेशमं कुरवाळत." रिसोलत हातातली हिरव्या चहाची वाटी उंच धरून दाखवायची. "पोट भरलंय बाई माझं."

मग कुम्री इतरांना हळू आवाजात सांगायची, "बिचारी चिमणीएवढं खाते आणि देह बघा कसा सुटलाय. ग्रंथींचा दोष, दुसरं काय? माझ्या मावशीला होता अस्साच."

रिसोलतला ऐकू जायचं. ती कापडाच्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. एके काळी ती स्वतःच्या खांद्यावरून अत्लस रेशमाचा तागा सोडून दाखवायची, तेव्हा गिऱ्हाइकं हलायची नाहीत. आता ती कापड गिऱ्हाइकाच्याच खांद्यावर टाकायची आणि आरशातून आपण बाजूला सरायची.

खरं जे होतं ते घरी होतं. दुकान बंद करून ती संध्याकाळच्या आत घरी यायची. त्या वेळी सून हुल्कार नातीला शाळेतून आणायला गेलेली असायची आणि अंगण रिकामं असायचं. रिसोलत चप्पलही न काढता कोठीच्या खोलीत शिरायची, आतून कडी लावायची आणि उभ्यानेच खायला लागायची. नान तोडून जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवायची. काल उरलेला गारढोण पलोव हाताने खायची, वर थिजलेल्या चरबीसकट. मग हलवा, मग मनुका, मग पुन्हा नान. चव लागायची ती पहिल्या दोन-चार घासांची. पुढचं सगळं हात करायचे आणि ती नुसती बघायची. पोट ताणून दुखायला लागलं, श्वास घेणं जड झालं, की हात थांबायचे. मग ती मुरंब्याचा चमचा डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसायची आणि स्वतःला बजावायची, उद्या एक कणसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती खरंच नुसत्या चहावर राहायची. दुपार कलली की हातपाय थरथरायचे, आणि घरी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर फक्त ती कोठी असायची.

ही खोड आजची नव्हती. ती या घरात नवी सून म्हणून आली तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर खायचं, चुलीपाशी खायचं, आणि सासूच्या नजरेखाली खायचं, अशी रीत होती. सासू चार बायकांत हसत म्हणायची, "आमच्या सुनेला काम सांगायला लागतं, जेव म्हणून सांगायला लागत नाही." मुलगा एलमुरोद पोटात होता तेव्हा रिसोलतला भूक आवरेना. तेव्हा ती पहिल्यांदा कोठीत शिरली, आणि घाईघाईने, न चावता खायला शिकली. पुढे सासू गेली. किल्ल्या रिसोलतच्या कमरेला आल्या. नवरा गेला, एलमुरोद रशियात कझानला बांधकामावर कामाला गेला. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं, तरी पाय कोठीकडेच वळायचे, आणि कडी आतून लागायचीच.

पोटाने मात्र हिशेब ठेवला होता. आडवं झालं की घशापर्यंत जळजळ यायची, तोंडात आंबट पाणी. पोट सतत फुगलेलं. कधी कधी दिवसचे दिवस काहीच साफ व्हायचं नाही, आणि मग भर बाजारात अशी कळ यायची की गिऱ्हाइकाला तसंच सोडून ती खरबूजवाल्यांच्या मागे असलेल्या संडासाकडे धावायची. दवाखान्यात गेली तर तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "वजन कमी करा. तोंडाला कुलूप घाला." त्या संध्याकाळी तिने कोठीत रोजच्यापेक्षा जास्त खाल्लं.

मग भाचीचं, मफ्तुनाचं लग्न ठरलं. नवरीची पाठराखीण म्हणून रिसोलतला मान दिला गेला. नवा अंगरखा शिवायला टाकला आणि शिंपिणीने फीत तिच्या कमरेभोवती नेताना हाताखालच्या मुलीला "आणखी थोडी सोड हं" म्हटलं, ते तिच्या मनाला लागलं. कुम्रीने वजन उतरवायचा चहा आणून दिला. "घे. माझी नणंद याने अशी झाली, फुंकलं तर उडेल." रिसोलत लग्नाआधी तो चहा पीत उपाशी राहिली.

लग्नाच्या दुपारी अंगणात डफासारखी डोयरा वाजायला लागली, सगळे नाच बघायला गेले. रिसोलत काही आणायला म्हणून मागच्या खोलीत गेली. तिथे पाहुण्यांसाठी हलव्याची ताटं आणि शिजलेल्या मटणाची परात झाकून ठेवली होती. तिने दार लोटलं. किती खाल्लं ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवरानवरीला एका आरशात एकमेकांचे चेहरे दाखवायची वेळ आली. वरून शाल धरलेली, आरसा रिसोलतच्या हातात. तेवढ्यात पोटात असा पीळ पडला की तिला उभं राहवेना. आरसा कुणीतरी वेळेवर झेलला. रिसोलत गालिच्यावर गुडघ्यांवर आली, आणि नव्या अंगरख्यातच तिला जुलाब झाले. डोयरा थांबली. हुल्कारने धरलेली शाल तशीच ओढून सासूच्या कमरेभोवती गुंडाळली आणि मोठ्याने म्हणाली, "आईला चक्कर आलीय, वाट द्या!" बायकांनी वाट दिली.

इस्पितळात सलाईन लावली, तपासण्या झाल्या. पित्ताशयात खडे नव्हते, चिरण्याफाडण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी मुअत्तर नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

"काय खाल्लं होतं, ओपा?"

"काहीच नाही. नुसता चहा."

हुल्कार उशाशी उभी होती. ती खाली बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला गरम पाणी आणायला पाठवलं आणि ती गेल्यावर विचारलं, "बरं, कुठे बसून खाता?"

रिसोलतने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "बसत नाही." आणि तिला असं रडू फुटलं की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने कूस बदलली.

सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा हावरटपणा नाही. आजार आहे हा, आणि तुम्ही काही पहिल्या नाही. दिवसभर पोट कोरडं ठेवता आणि मग एकदम त्यावर डोंगर ओतता. ते बिचारं काय करणार? आंबट वर येतं, खाली आतडी गोंधळतात. वजन वाढतं, वजनाचा दाब पोटावर, त्याने आणखी जळजळ. मग लाज वाटते, म्हणून पुन्हा उपाशी. आणि तो चहा म्हणजे निव्वळ जुलाबाचं औषध, ओपा."

"मग काय काय बंद करू?"

"तो चहा. आणि उपास. बाकी काही नाही. सकाळी उठून खायला लागा. दुपारी खा, संध्याकाळी खा. बसून, आणि कुणाच्या तरी सोबतीने. चुकून कधी जास्त झालंच, तर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहायचं नाही. गोळ्या देते मी जळजळीच्या. पण घरात सुनेला सांगा."

"मेले तरी सांगणार नाही."

सांगायची गरज पडली नाही. घरी आल्यावर हुल्कारने अंगणातल्या लाकडी माचावर गादी घातली, चहा ओतला आणि स्वतःच म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"मी या घरात आल्यावर लवकरच कळलं. बरण्या मीच भरून ठेवायचे. रिकाम्या दिसल्या तर तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटायचं. चुकलं का माझं?"

रिसोलतने बघितलं, चहाची वाटी एकच होती. तिने विचारलं, "तू कधी जेवतेस गं?"

"तुम्हा सगळ्यांचं झालं की."

"कुठे?"

"चुलीपाशी."

"मी कधी सांगितलं होतं तुला तसं?"

"नाही हो. तसंच असतं ना."

रिसोलत उठली, स्वयंपाकघरातून मस्तावाचं, तांदळाच्या सुपाचं, पातेलं घेऊन आली आणि दोन वाडगे भरले. "बस. समोर बस. आणि माझ्याकडे बघू नकोस एवढी, घास घशात अडकतो माझ्या."

"मग कुठे बघू?"

"मांजराकडे बघ!"

दोघी हसल्या, पण पहिले दिवस सोपे नव्हते. सकाळी खाणं रिसोलतला पाप केल्यासारखं वाटायचं. बाजारात दुपारी तिने कुम्रीच्या दस्तरखानाशी बसून पहिला सम्सा उचलला, तेव्हा सगळ्या जणी तिच्याकडे बघायला लागल्या. कुम्री म्हणाली, "ओपा, तुझी तब्येत बरी आहे ना?" रिसोलतने घास नीट चावून गिळला. "आता होतेय," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी फरगाना शहरातल्या एका बाईंचं नाव दिलं होतं. त्या मनाच्या दुखण्यांवर बोलायच्या. रिसोलत हुल्कारला घेऊन तिथे जाऊ लागली. पहिल्यांदा जाताना कुम्रीला तिने दातांचं काम आहे असं सांगितलं. पुढे एकदा खरं काय ते सांगून टाकलं. कुम्रीने तोंडावर हात ठेवला, आणि मग कुजबुजली, "माझ्या मावशीलाही विचारायला हवं होतं गं कुणीतरी."

शरदात एलमुरोदचा फोन आला, यंदा येणं जमत नाही. फोन ठेवला आणि रिसोलत कोठीत गेली, कडी लावली. बाहेर आली तेव्हा हुल्कार अंगण झाडत होती. तिने काही विचारलं नाही. सकाळी मात्र रोजच्यासारखी दोघींची चहानान मांडली. रिसोलतला जेवणाचा वासही नकोसा झाला होता. तरी तिने बसून अर्धी नान खाल्ली, कारण ती न खाणं हीच खरी चूक आहे, हे तिला आता कळलं होतं.

वजन उतरलं ते फार नाही. रिसोलत अजून भारदस्तच आहे. पण रात्रीची जळजळ गेली, पोटाची धावाधाव क्वचित होऊ लागली. वसंतात ती हुल्कार आणि नातीला घेऊन आगगाडीने कझानला निघाली. पोटाच्या भीतीने इतक्या वर्षांत तिने कुठलाही लांबचा प्रवास केला नव्हता.

एलमुरोद स्टेशनवर आला होता. त्याने आईला दोन्ही हातांनी धरून न्याहाळलं. "आई, बारीक झालीस का?"

"डोळे तपासून घे. तशीच आहे मी."

"मग काहीतरी वेगळं दिसतंय."

"भूक लागलीय मला, तेच दिसत असेल. काय केलंयस?"

कामगारांच्या खोल्यांत त्याने स्वतः पलोव रांधला होता, जरा खाली लागला होता. सगळे जमिनीवर एका परातीभोवती बसले. रिसोलतने पोटभर खाल्लं. एलमुरोदने तिच्या बाजूला आणखी मांस सरकवलं तेव्हा तिने त्याचा हात अडवला.

"पुरे मला. हुल्कारला दे, ती गाडीत नीट जेवलीच नाही."